क्लोडेटनं राखलेली खुर्ची

ऑर्डवे फॉल्समध्ये कुणाचं पेन्शन अडलं, कुणाचा पासपोर्ट वेळेवर येईना, कुणाला लढाईत गेलेल्या पायाचा भत्ता मिळेना, की माणसं खासदाराकडे जात नसत, क्लोडेटकडे जात. खासदाराचं ऑफिस मेन स्ट्रीटला रंगाच्या दुकानाच्या माडीवर होतं. जिना चढून वर गेलं की पहिलंच टेबल क्लोडेट लव्हॅसरचं. आत आणखी दोन खोल्या होत्या, पण तिथवर जायची वेळ फार थोड्यांवर यायची. क्लोडेट समोरच्याला खुर्चीत बसवायची, कॉफी द्यायची, आणि तो रडत असेल तर खिडकीबाहेर बघत थांबायची. मग फोन उचलायची. वॉशिंग्टनच्या कुठल्याशा खात्यातल्या कारकुनाला ती इतक्या गोड आवाजात धारेवर धरायची की त्याला फोन ठेवल्यावर कळायचं, आपल्याला झाडलंय.

"काम हिचं, फोटो त्याचा," असं गावात लोक म्हणायचे.

"उगाच काहीतरी बोलू नका," ती म्हणायची. "तो आहे म्हणून माझा फोन घेतात."

तो म्हणजे वेन हॅस्केल. पूर्वी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचा. क्लोडेट त्याच शाळेच्या ऑफिसात होती. तो पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा सगळं गाव हसलं होतं. क्लोडेटनं नवऱ्याच्या गॅरेजमध्ये टेबलं मांडली, पाकिटं चिकटवली, आणि मेन राज्यातल्या त्या हाडं फोडणाऱ्या थंडीत त्याच्याबरोबर दारोदार फिरली. एका म्हातारीनं दार उघडून विचारलं होतं, "तुमच्यापैकी उभं कोण राहिलंय?" वेन म्हणाला, "मी. पण विश्वास ठेवायचा तर हिच्यावर ठेवा." तो निवडून आला. पुढे क्लोडेटचा नवरा गेला, तेव्हा संसदेचं काम टाकून वेन आला आणि त्यानं शवपेटीला खांदा दिला. क्लोडेट त्याला लोकांदेखत 'साहेब' म्हणायची आणि दार बंद झालं की 'वेन'. बावीस वर्षं असं चाललं होतं. या काळात वेन चढत चढत परराष्ट्र समितीचा अध्यक्ष झाला होता. गावाला त्याचं फारसं काही नव्हतं. परदेश गावापासून फार लांब होते.

एक परदेश मात्र क्लोडेटच्या घरात आला, तिच्या धाकट्या भावामुळे.

रोझेर सीर बोअरवेल मारायचा. त्यानं लग्न केलं नाही. त्याचा ट्रक, त्याचं यंत्र आणि हिवाळ्यात हॉकीचे सामने, एवढाच त्याचा संसार. बोलायला तिखट आणि हसायला मोठा. पन्नाशी उलटल्यावर चर्चच्या एका मंडळाबरोबर तो दूरच्या एका वाळवंटी मुलखात विहिरी खणायला गेला. "इथं लोकांना हिरवळीवर फवारायला पाणी हवंय," तो जाताना म्हणाला. "तिथं प्यायला नाही. निदान एकदा तरी कामाची विहीर मारतो." वर्षभरासाठी गेला होता, सात महिन्यांत परत आला. बारीक झाला होता, आणि गप्प. ट्रक अंगणात तसाच उभा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिथं लढाई सुरू झाली. परत पाठवलं." बस्स.

क्लोडेटनं त्याला खोदून विचारलं नाही. रविवारी जेवायला बोलवायची, तो यायचा, ताट रिकामं करून जायचा. असं पाऊण वर्ष गेलं. मग फेब्रुवारीत ती त्याला जवळजवळ ओढूनच तळ्यावर घेऊन गेली. तळं गोठलेलं, त्यावर लाकडी खोपटी. बर्फाला भोक पाडून त्यातून मासे धरत बसायचं. दोघं लहानपणी वडिलांबरोबर जायची.

तिनं बर्फ पोखरायचं गिरमिट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते बर्फावर टेकवलं, दोन वेढे फिरवले आणि थांबला.

"फिरव ना," क्लोडेट म्हणाली. "का आता म्हाताऱ्या बहिणीनं फिरवायचं?"

रोझेरनं गिरमिट सोडलं. ते तसंच तिरकं उभं राहिलं. तो पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला, आणि कुणीतरी काही विचारल्यासारखा बोलायला लागला.

त्याच्या हाताखाली तिथली माणसं होती. त्यांचा म्होरक्या इद्रिस. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दिवसभर भांडायचे. यंत्र कुठं लावायचं यावरून रोझेर हातवारे करायचा, इद्रिस मान हलवायचा, आणि पाणी इद्रिसनं दाखवलेल्या जागीच लागायचं. त्या दिवशी यंत्राचा उंच खांब ट्रकवर आडवा करून ठेवला होता. एक बोल्ट तुटला म्हणून रोझेर शेजारच्या गावात गेला. तेवढ्यात विमानं आली.

"वरून तो खांब त्यांना तोफेसारखा दिसला असणार," रोझेर म्हणाला. "पहिल्या बॉम्बनं यंत्र गेलं, तिघं गेले. गावातली माणसं उचलायला धावली. मीही धावत होतो, लांबून. तेवढ्यात विमानं फिरून परत आली."

क्लोडेटनं ते तिरकं गिरमिट काढून बाजूला आडवं ठेवलं.

"इद्रिसचा सदरा सापडला. विमानं त्या शेजारच्या देशाची, आपल्या दोस्तांची. पण बॉम्बचा एक तुकडा माझ्या पायाशी पडला होता. त्यावरची अक्षरं मला वाचता येत होती, क्लो. तिथं दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हती."

त्या दिवशी मासे कुणी धरले नाहीत. परत येताना गाडीत क्लोडेट म्हणाली, "हे वेनला सांगायला हवं."

"कशाला?"

"अरे, कशाला काय? असले बॉम्ब विकायचे की नाही ते त्याच्या समितीसमोरून जातं."

"सांगून इद्रिस उठून बसणार आहे का?"

"पुढचा तरी मरणार नाही. रोझेर, मी त्या माणसाला ओळखते. तू फक्त एकदा ये."

तो आठवडाभर नाही म्हणत राहिला. मग एके दिवशी दाढी करून, जिना चढून तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "चल. कुठंय तुझा मास्तर?"

वेननं सगळं ऐकलं. रोझेरचं सांगून झाल्यावर त्यानं चष्मा काढला आणि तळव्यानं डोळे पुसले. ते नाटक नव्हतं. क्लोडेटनं पुढे कितीदा तरी तो क्षण मनात उलटापालटा करून पाहिला, आणि दर वेळी तिला हेच वाटलं, की ते नाटक नव्हतं. तेच तर जास्त लागायचं.

मित्रदेशाला मोठी शस्त्रं विकायची झाली, की सरकार ती गोष्ट आधी चौघांच्या कानावर घालतं: दोन्ही सभागृहांच्या परराष्ट्र समित्यांचे अध्यक्ष, आणि त्या समित्यांतले विरोधी बाजूचे म्होरके. त्या चौघांतला एक जरी 'थांबा' म्हणाला, तरी थांबायचं. असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. पूर्वापार रीत आहे. त्या देशाला आणखी बॉम्ब द्यायचा प्रस्ताव तेव्हा वेनच्या टेबलावर होता. वेन 'थांबा' म्हणाला.

आणि ते तो गावातही म्हणाला. चर्चच्या तळघरात दर शनिवारी बीन्सचं जेवण असतं. लांब टेबलं, कागदी ताटल्या, काळसर गोड ब्रेड. वेन उठला, रोझेरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा आपल्या गावचा माणूस. यानं जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मी त्या खुर्चीत आहे तोवर हा व्यवहार पुढे सरकणार नाही." टाळ्या झाल्या. रोझेर लाजून ताटलीत बघत होता. शेजारची म्हातारी त्याला म्हणाली, "आता तरी नीट जेव."

पुढे वेननं त्याला वॉशिंग्टनला नेलं. समितीच्या सुनावणीत तो माइकसमोर बसला. क्लोडेट मागच्या रांगेत होती. रोझेरनं इद्रिसचं नाव घेतलं, आणि टंकलेखिकेनं त्याचं स्पेलिंग विचारलं. रोझेर गोंधळला. "मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "आम्ही कधी काही लिहिलंच नाही." तेव्हा वर बसलेल्या खासदारांतलेही काही जण खाली बघायला लागले.

त्यानंतर रोझेर सुधारत गेला. ट्रक अंगणातून हलला. तो पुन्हा विहिरी मारायला लागला, पुन्हा हॉकीवरून लोकांशी वाद घालायला लागला. ऑफिसात फोन यायचे, कधी शाबासकीचे, कधी शिव्यांचे. "तुमच्या खासदाराला आपल्या दोस्तांपेक्षा परके जवळचे वाटतात का हो?" असं कुणी विचारलं, की क्लोडेट म्हणायची, "साहेबांनी शब्द दिलाय, आणि साहेब शब्द मोडत नाहीत. आणखी काही?" दोन वर्षं ती हे वाक्य म्हणत होती. ते म्हणताना तिची मान ताठ व्हायची.

तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात वेनचा फोन आला. आवाज उत्साही होता.

"क्लोडेट, चांगली बातमी. जुन्या कागद गिरणीतला सुट्या भागांचा कारखाना वाढतोय. दीडशे नोकऱ्या. पुढच्या महिन्यात कार्यक्रम करू. मांडव, खुर्च्या, शाळेचा बँड, सगळं तूच बघ."

क्लोडेटला खरंच आनंद झाला. गिरणी बंद पडल्यापासून गावातली तरुण पोरं एकेक करून निघून चालली होती. तिनं यादी करायला घेतली.

"आणि हो," वेन म्हणाला, "रोझेरला बोलव. पुढच्या रांगेत बसव त्याला."

"त्याचा काय संबंध?"

"गावाचा माणूस आहे. असायला हवा."

तिनं रोझेरला फोन केला. "चांगला कोट घालून ये," म्हणाली. "तो ग्रीस लागलेला नको."

"लग्न आहे का कुणाचं?"

"वेननं मुद्दाम सांगितलंय. पुढं बसायचंय तुला."

"बघा, मोठा माणूस झालो मी," रोझेर हसून म्हणाला.

जूनची लख्ख सकाळ होती. नदीच्या काठावर मांडव, गिरणीच्या जुन्या विटांवर लावलेला मोठा झेंडा, लिंबू सरबत. क्लोडेटनं पुढच्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर रोझेरच्या नावाची चिठ्ठी स्वतःच्या हातानं चिकटवली होती. रोझेर निळा कोट घालून आला. वडिलांचा होता, दंडात घट्ट बसत होता. तिनं त्याची कॉलर सारखी केली.

आधी कारखान्याचा साहेब बोलला. नव्या विभागात काय तयार होणार, ते त्यानं सांगितलं: बॉम्बच्या शेपटाला लावायचे पोलादी पंख. ऑर्डर मोठी, कित्येक वर्षं पुरेल अशी. "आणि ही वाट मोकळी करून दिल्याबद्दल," तो म्हणाला, "आपण अध्यक्ष हॅस्केल यांचे आभार मानले पाहिजेत."

क्लोडेट कडेला सरबताच्या टेबलापाशी उभी होती. 'वाट मोकळी' हे शब्द तिच्या कानात शिरले, पण क्षणभर त्यांचा अर्थ लागला नाही.

मग वेन उठला. त्यानं त्या मित्रदेशाचं नाव घेतलं. म्हणाला, "दोन वर्षं मी हा व्यवहार अडवून धरला. माझ्यावर फार दबाव आला, पण मी हटलो नाही. का? तर या पुढच्या रांगेत बसलेल्या एका माणसामुळे. रोझेर सीर. त्याच्या धाडसामुळेच आज आपल्याला त्या देशाकडून लेखी हमी मिळाली आहे, की पुढे ते नागरिकांबाबत पूर्ण काळजी घेतील. रोझेर, आज जे घडतंय त्यात तुझाही वाटा आहे. ऊठ, लोकांना दिसू दे."

टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्यानं कोपर धरलं म्हणून रोझेर अर्धवट उभा राहिला. काय झालंय ते त्याला अजून नीट कळलं नव्हतं. मग कळलं. क्लोडेटनं त्याच्या चेहऱ्यावर ते कळताना पाहिलं. त्यानं वेनकडे पाहिलंच नाही. त्यानं मान वळवून गर्दीत बहिणीला शोधलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती मान हलवत होती, नाही, नाही, नाही. पण टाळ्यांच्या गोंगाटात हलणाऱ्या मानेचा काय अर्थ लागणार? तो रांगेतून बाहेर पडला आणि नदीच्या बाजूनं ट्रककडे चालत गेला. बँड वाजायला लागला.

वेन गाडीपाशी आला तेव्हा ती तिथं उभी होती.

"अडवणं कधी सोडलंस?" तिनं विचारलं.

"क्लोडेट, इथं नको."

"कधी?"

"मार्चमध्ये."

"मार्च, एप्रिल, मे. मी फोनवर लोकांना सांगतेय, साहेब शब्द मोडत नाहीत. आणि तू मार्चमध्ये सोडलंस."

"तुला सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस."

"म्हणून नाही सांगितलंस?"

"म्हणूनच." वेन गाडीला टेकला. तो दमलेला दिसत होता. "बाकीच्या तिघांनी कधीच मान डोलावली होती. मी एकटा होतो. मी अडून राहिलो असतो तर सरकारनं मला डावलून बॉम्ब विकले असते, ही रीतच मोडली असती. आणि मग हातात काय राहिलं असतं? काहीच नाही. आता निदान हमी आहे. नोकऱ्या आहेत. तुझ्याच गल्लीतली पोरं परत येतील."

"हमी काय आहे?"

"काळजी घेऊ म्हणून."

"रोझेरच्या माणसांना मारलं तेव्हा काळजी घेतली नव्हती, असं कबूल केलंय त्यांनी?"

"त्या शब्दांत नाही."

"मग कुठल्या शब्दांत?"

वेननं गाडीच्या दाराला हात घातला.

"बरं, ते राहू दे," क्लोडेट म्हणाली. "तुला सोडायचं होतं, सोडलंस. रोझेरला कशाला बोलावलंस?"

"लोकांना दिसायला हवं होतं की... की तो आमच्याबरोबर आहे."

"त्याला न विचारता?"

"विचारलं असतं तर तो आला नसता."

एवढं बोलून वेन गाडीत बसला. त्याला पुढच्या गावी आणखी एक कार्यक्रम होता.

क्लोडेट तिथूनच रोझेरच्या घरी गेली. जाळीचं दार आतून लावलेलं होतं. तो स्वयंपाकघरात पाठमोरा उभा होता, कोट अजून अंगावर.

"मला ठाऊक नव्हतं रे," ती बाहेरून म्हणाली. "देवाशप्पथ नव्हतं ठाऊक."

"त्याची पत्रं कोण लिहितं?"

"मी. पण ती पेन्शनची..."

"त्याचे फोन कोण घेतं? त्याचं पान तुझ्यावाचून हलत नाही, असं गाव म्हणतं. तूच म्हणालीस, चांगला कोट घाल. तूच चिठ्ठी चिकटवलीस."

"रोझेर, दार उघड."

"टाळ्या वाजवल्या त्यांनी, क्लो. इद्रिसच्या मरणाला टाळ्या वाजवल्या आणि मी उभा राहिलो."

दार उघडलं नाही.

अजून एक वाट शिल्लक होती. सरकारनं विक्रीची रीतसर सूचना संसदेला दिली, की ठरलेल्या मुदतीत संसदेला ठराव करून ती अडवता येते. जवळच्या दोस्तांसाठी ही मुदत आणखी लहान. दूरच्या राज्यातल्या एका खासदारबाईंनी तसा ठराव मांडला होता. तो वेनच्याच समितीकडे आला. समितीसमोर घ्यायचा की नाही, हे अध्यक्षाच्या हातात.

क्लोडेटनं वेनला फोन केला. इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

"ठराव पडला तर पडू दे," ती म्हणाली. "तू विरोधात मत दे हवं तर. पण एकेकाला तोंडानं हो किंवा नाही म्हणायला लाव. रोझेरनं ज्यांच्यासमोर सांगितलं त्यांनी निदान हात वर करावेत. एवढंच कर."

"बरोबर आहे तुझं," वेन म्हणाला. "मी घेतो तो समितीसमोर. शब्द देतो."

तिनं विश्वास ठेवला. पुढे तिला स्वतःचाच राग यायचा तो या दुसऱ्या वेळच्या विश्वासाचा. तिनं रोझेरच्या फोनवर निरोपही ठेवला, की ठराव येतोय, बघ.

ठराव आला नाही. आज इतर कामं आहेत, उद्या सदस्य पुरे नाहीत, असं होत मुदत संपली. ती संपली त्या दिवशी क्लोडेटसमोर एक म्हातारा सैनिक बसला होता, ऐकू येत नसलेला. ती मोठ्यानं ओरडून त्याला त्याच्या कानाच्या यंत्राबद्दल समजावत होती. मधेच तिला रडू फुटलं. म्हातारा घाबरून म्हणाला, "अहो बाई, नाही मिळालं यंत्र तर राहू दे. त्यात काय एवढं?"

ती लगेच बाहेर पडली नाही. अडलेल्या माणसांची कामं तिच्या हातात होती. ती कुणा नवख्याच्या अंगावर टाकून जाणं तिला जमलं नाही. ती एकेक काम मार्गी लावत गेली, आणि नवीन घेणं थांबवलं. हिवाळा लागता लागता टेबल रिकामं झालं. तेव्हा तिनं कॉफीचं भांडं धुऊन ठेवलं आणि जिना उतरली. वेननं निरोप समारंभ करू म्हटलं. ती म्हणाली, "समारंभ पुरे झाले."

गावात मात्र कुजबुज वेगळीच होती. बहिणीनंच भावाला विकलं, असं काही जण म्हणत. कारखान्यात ज्यांची पोरं लागली होती ते म्हणत, बरं केलं. क्लोडेटला दोन्ही सारखंच लागायचं. रोझेर रविवारी जेवायला येत नव्हता. चर्चमध्ये प्रार्थनेला यायचा, मागच्या बाकावर बसायचा आणि शेवटच्या ओळीआधी उठून जायचा.

पुढच्या वर्षी निवडणूक आली. ऑक्टोबरात वेननं शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सभा घेतली, प्रश्नोत्तरांची. गर्दी चांगली होती. कुणी रस्त्यांबद्दल विचारलं, कुणी औषधांच्या किमतींबद्दल. क्लोडेट रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा पुढच्या रांगांतल्यांनी माना वळवल्या.

"क्लोडेट!" वेन हसून म्हणाला. "ही विचारते म्हणजे अवघडच असणार."

"अवघड नाही," ती म्हणाली. "बॉम्बबद्दल मी काही विचारत नाही. ते तू आणि तुझा देव बघून घ्या. मला एवढंच सांग, सगळ्यांसमोर. त्या दिवशी मी माझ्या भावाला बोलावलं, तेव्हा तू वाट मोकळी करून दिली आहेस हे मला माहीत होतं का?"

वेन थांबला. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हणजे आपण आपल्याच माणसांपासून लपवलं, हे तोंडानं कबूल करणं. समोर दोन वार्ताहर बसले होते.

"मित्रहो," तो लोकांकडे वळून म्हणाला, "क्लोडेटनं बावीस वर्षांहून जास्त काळ या गावाची सेवा केली. माझं ऑफिस म्हणजे एक कुटुंब होतं. एकमेकांपासून काही लपवायची आमच्यात कधीच पद्धत नव्हती. तिच्यासाठी एकदा जोरात टाळ्या होऊन जाऊ देत."

टाळ्या झाल्या.

"वेन," क्लोडेट म्हणाली, "हो की नाही?"

एका तरुण कार्यकर्त्यानं अदबीनं तिच्या हातातला माइक काढून घेतला. "मॅडम, बाकीचेही थांबलेत." ती वेनकडे बघत राहिली. तो पुढच्या माणसाकडे बघून हसत होता. या माणसाच्या बरोबर आपण थंडीत दारोदार फिरलो, हे तिला आठवलं नाही, असं नाही. पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य असावं तसं आठवलं.

ती बाहेर आली. पायऱ्यांच्या कठड्याला टेकून रोझेर उभा होता, टोपी हातात घेऊन. तो आत दाराशी उभा राहून ऐकत होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

"तुला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"वर्षाहून जास्त झालं, मी हेच सांगतेय."

"आज पटलं. तुला माहीत असतं तर तो सरळ 'हो' म्हणून मोकळा झाला असता. त्याला ते सोयीचं होतं."

ती पायरीवर बसली. तिला वाटलं, आता संपलं, आता रविवारी ताट मांडायचं. पण रोझेर उभाच राहिला.

"पण क्लो," तो म्हणाला, "मी तळ्यावर जे सांगितलं ते तुला सांगितलं होतं. फक्त तुला. ते माझ्याकडं होतं तोवर इद्रिस माझा होता. तू म्हणालीस, त्या माणसाला ओळखते. मग तो समितीचा झाला, मग भाषणातला झाला, आणि आता कारखान्याचा आहे."

"मला वाटलं, काहीतरी थांबेल."

"ठाऊक आहे."

"मी चुकले का रे?"

आतून पुन्हा टाळ्यांचा आवाज आला.

"तू चुकली नाहीस," तो शेवटी म्हणाला. "पण मला परत काही सांगायला लावू नकोस. कधीच."

त्यानं तिला हात देऊन उठवलं. पुढच्या रविवारी तो जेवायला आला. हॉकीबद्दल बोलला, तिच्या तळघरातला नळ गळत होता तो नीट केला. त्या मुलखाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

नोव्हेंबरात रोझेरनंच तिला ट्रकमधून मतदानाला नेलं. तो म्हणाला, "तू ये जाऊन, मी इथंच थांबतो." आत ओळखीच्या बायका टेबलामागं बसल्या होत्या, इतकी वर्षं क्लोडेट त्यांना वेनच्या वतीनं डोनट आणून द्यायची. तिनं त्या लांबलचक मतपत्रिकेवर शाळा समितीला मत दिलं, पुलाच्या दुरुस्तीला दिलं, वाचनालयाच्या कराला दिलं. खासदाराच्या ओळीशी पेन टेकवून ती उभी राहिली. मागच्या बाईनं खाकरून पाहिलं. क्लोडेटनं ती ओळ कोरी सोडली, कागद पेटीत टाकला आणि बाहेर आली. वेन मोठ्या फरकानं निवडून आला; ऑर्डवे फॉल्सनंही त्यालाच मतं दिली.